कदै रावांचा दुसरा भाग

तमिळ मुलखात, ओरगडमच्या एका ट्रक कारखान्यात मी साताऱ्याहून नोकरीला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला बजावण्यात आलं की कंपनीच्या बसमध्ये सकाळी झोपायचं नाही. नियम कंपनीचा नव्हता, बसचा होता. अण्णा नगरहून सहाला निघालेली बस साडेसातच्या सुमाराला गेटात शिरायची आणि त्यातला मधला पाऊण तास राजगोपाल रावांचा असायचा. त्या वेळात जो घोरेल त्याच्या डोक्यावर मागच्या सीटवरून केळ्याचं साल येऊन पडायचं. माझ्या डोक्यावर पडलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. पेंट शॉपमधली सेल्वी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "कदै ओडुदु." गोष्ट चालू आहे.

राजगोपाल राव आमच्या गेज रूमचे प्रमुख. कारखान्यातली मोजायची सगळी साधनं जिथे पुन्हा मोजून तपासतात, ती ही खोली. बुटका बांधा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, खिशाला दोन पेनं, दोरीला अडकवलेला चष्मा, कपाळावर गोपीचंदनाची बारीक रेघ. बसमध्ये त्यांना सगळे कदै राव म्हणत. कदै म्हणजे गोष्ट. माझं नाव आणि गाव कळल्यावर ते आपली जागा सोडून माझ्याशेजारी येऊन बसले.

"तुम्ही साताऱ्याच्या कां?"

"हो."

"आमचे लोक तिकडूनच निघाले म्हणतात. तिकडे सगळें ठीक आहे ना?"

जणू गेल्या महिन्यात निघाले होते! त्यांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला आले, आणि त्यांच्या तोंडची मराठीही त्याच वेळची होती. 'मला'च्या जागी ते 'मज' म्हणत, 'तुम्हाला'च्या जागी 'तुम्हांस'. मध्येच 'सेरी', म्हणजे बरं, असं म्हणून तमिळमध्ये उतरत आणि वाक्याचा शेवट गाण्याच्या चालीत वर उचलत. मराठी लिहायची वेळ आली तर तमिळ लिपीत लिहीत. माझी मराठी त्यांना फार घाईची वाटायची. "तुम्ही बोलतां तें बस चुकल्यासारखें वाटतें," असं त्यांनी एकदा मला सांगितलं.

गोष्ट ते तमिळमध्ये सांगत. मला तेव्हा तमिळ येत नव्हतं, म्हणून जिथे ते श्वास घ्यायला थांबत तिथे माझ्याकडे झुकून चार वाक्यांत मराठी सारांश देत. मी तमिळ शिकले ते असं. त्यामुळे भाला, शाप आणि सिंहासन यांचे तमिळ शब्द मला आधी आले, आणि भाजीवाल्याकडे वांगी मागायला मात्र बोटच दाखवावं लागायचं.

मी आले तेव्हा गोष्टीचा पहिला भाग संपत आला होता. तिची सुरुवात म्हणे दोन वर्षांपूर्वी, पुनमल्लीजवळ बस बंद पडून तीन तास अडकली तेव्हा झाली. माणसं चिडून भांडायला लागली होती आणि आयुष्यात कधी मोठ्यानं न बोललेले हे गृहस्थ उभे राहून म्हणाले, "एका नगरावर आठ जण राहत होते. त्यांच्या पापण्या लवत नसत."

ते आठ म्हणजे अनिमिष. त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत, गळ्यातल्या माळा सुकत नाहीत, घाम येत नाही. नगराच्या वर, हवेत तरंगणाऱ्या आठ गच्च्यांवर ते राहतात. वर्षातून एकदा खाली येतात, आणि ते येतील तेव्हा प्रत्येकानं मान वर करून त्यांच्याकडे बघत राहायचं. जो नजर वळवेल त्याचा दगड. या अनिमिषांविरुद्ध एक तरुण मिठागर कामगार फौज उभी करतो. पहिल्या भागाच्या शेवटी फौजेनं फेकलेले सगळे भाले हवेतच फुलांच्या माळा झाले आणि अनिमिषांच्या गळ्यात जाऊन पडले. त्या तरुणाला त्यांनी आकाशात टांगलं, तारा करून. "सन्मान म्हणून नव्हे," राव म्हणाले, "शिक्षा म्हणून. सगळ्यांस दिसावा, आणि कोणास हात लावतां येऊं नये." मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. "संपली."

बस गेटात शिरली. कुणी उतरेना.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर मुरुगेसननं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हा मुरुगेसन हॉर्नवरचा हात कधी न काढणारा माणूस. रिकाम्या रस्त्यावरही वाजवायचा. चार दिवस तो रावांशी बोलला नाही. पाचव्या दिवशी सेल्वीनं एक कागद पुढे केला. चाळीसेक सह्या होत्या आणि वर तमिळमध्ये एकच ओळ: दुसरा भाग पाहिजे, माणसं जिंकली पाहिजेत.

रावांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. मला म्हणाले, "पहिला भाग सोपा असतो बाई. हरणें कोणासहि जमतें. जिंकायचें कसें तें मज ठाऊक नाही."

"मग काय करणार?"

"सह्या केल्यात लोकांनीं. आतां पळतां येत नाही."

पुढच्या सोमवारी दुसरा भाग सुरू झाला. आता नायिका त्या तरुणाची थोरली बहीण, वेलम्मा. तीही मिठागरात राबणारी. भाला धरता येत नाही, भाषण करता येत नाही. संध्याकाळी मिठाच्या ढिगावर बसून वर आपल्या भावाकडे बघायची, एवढंच. बसला ती पहिल्या दिवसापासून आवडली. कॅन्टीनमध्ये मीठ कमी पडलं की कुणीतरी ओरडायचं, "वेलम्माला बोलवा!"

रावांचे काही नियम होते. संध्याकाळच्या बसला गोष्ट नाही. "दमलेल्या माणसास गोष्ट आवडते, पण आठवत नाही." मोबाइलवर रेकॉर्ड करायचं नाही. "ठेवून दिलेली गोष्ट कोणी ऐकत नाही हो. लोणच्यासारखी मागे राहते." आणि कारखान्याची पाण्याची टाकी दिसली की थांबायचं, वाक्य अर्धं असलं तरी. एकदा वेलम्माच्या पायाशी नाग आला आणि टाकी दिसली. तो अख्खा शनिवार-रविवार आम्ही त्या नागासह काढला.

गेज रूममध्ये ते अगदी वेगळे असत. तिथे थंड, शांत, बारीक काम. मी एकदा घाईनं आत जाऊन पोलादी गेज उचलायला गेले, तर त्यांनी माझा हात वरच्या वर अडवला. "थांबा. हात गरम आहेत तुमचे. पोलाद लगेच फुगतें, मग तें खोटें बोलतें." मला पाच मिनिटं नुसतं उभं राहायला लावलं आणि मग म्हणाले, "आतां घ्या."

पण त्याच खोलीत कुणी वरिष्ठ आला की राव अडखळायचे. साधं नव्हे; शब्द घशात अडकून मान ताठ व्हायची, डोळे भरायचे. ऑडिटच्या मीटिंगला ते उत्तरं आधीच कागदावर लिहून नेत आणि कागद पुढे सरकवत. इतकं काटेकोर काम असूनही त्यांची बढती दोनदा हुकली ती यामुळेच, असं सगळे म्हणत. तेच राव सकाळी बसमध्ये पाऊण तास एका शब्दालाही न अडता बोलायचे. याचं कारण मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आणि एका बुधवारी पुनमल्लीच्या पुढे रस्त्याकडेला आमचे प्लांट हेड उभे दिसले. कोइमतूरकडचे उंच, कडक गृहस्थ. गाडी बंद पडली होती. मुरुगेसननं बस थांबवली, साहेब वर चढले, पहिल्या सीटवर बसले आणि म्हणाले, "चालू द्या, चालू द्या."

काहीच चालू राहिलं नाही. राव उभे होते ते खाली बसले. वेलम्मा त्या वेळी अनिमिषांच्या सर्वांत खालच्या गच्चीच्या शिडीवर निम्म्यात होती.

मग मागून सेल्वी रावांना म्हणाली, "सार, ती शिडीवर आहे. पडेल."

राव उठले. दांड्याला धरलं. "वे... वे..." मान ताठ झाली.

"वेलम्मा," सेल्वी मागून म्हणाली. सहज, खिडकीतून बाहेर बघत.

रावांनी मान हलवली. "वेलम्मानं प... प..."

"पाय," मुरुगेसन आरशात बघून म्हणाला. "पाय टाकला, सार."

"पाय टाकला. आणि शि..."

"शिडी हलली!" तीन-चार जण एकदम.

"नाही," राव म्हणाले. "शिडी गा... गाऊं लागली."

हे कुणालाच माहीत नव्हतं. बसमध्ये हशा उसळला; रावही हसले. मग ते पुढे बोलत राहिले. अडले की ज्याला शब्द सुचेल तो द्यायचा. कधी बरोबर, कधी चूक. चुकीचा शब्द आला की राव त्याला बाजूला सारून आपला शब्द पुढे ढकलायचे. पुढे पुढे कुणाला शब्द द्यायची गरजच पडेना. टाकी दिसली आणि ते थांबले.

प्लांट हेड मागे वळले. "अप्पुरम?" मग पुढे?

"उद्या, सार," राव म्हणाले.

"मला आज संध्याकाळी दिल्लीला जायचंय. थोडक्यात सांगा."

"उद्या, सार."

मुरुगेसननं एवढ्या जोरात हॉर्न वाजवला की गेटवरचा पहारेकरी धावत आला. आणि पुढच्या आठवड्यात, गाडी ठणठणीत असताना, प्लांट हेड अण्णा नगरच्या स्टॉपवर उभे होते. नंतर ते आठवड्यातून दोनदा तरी येत. त्यांच्याही डोक्यावर एकदा केळ्याचं साल पडलं. कुणी टाकलं ते बसनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रावांच्या निवृत्तीला दोन आठवडे राहिले आणि गोष्ट अडली. वेलम्मा आठही गच्च्या बघून खाली आली होती, अनिमिष खाली येण्याचा महोत्सव तोंडावर आला होता, आणि राव सोमवारी म्हणाले, "आज सुट्टी." मंगळवारीही सुट्टी. बुधवारी मी गेज रूममध्ये गेले. ते रिकाम्या टेबलापाशी बसले होते.

"मज शेवट येत नाही बाई. भाल्यानं होत नाही. आगीनं केलें तर तें खोटें. हे आठ जण मरणारे नाहीत. मग माणसांनीं करायचें काय?"

"कुणीतरी मोठं अस्त्र देईल वेलम्माला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला आणि घरी येऊ का म्हणून विचारलं.

त्यांचं घर अण्णा नगरमध्येच, दुसऱ्या मजल्यावर. दार अंबुजाबाईंनी उघडलं. रावांच्या पत्नी त्यांच्याहून उंच, आवाज खणखणीत. त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवलं आणि ताटलीत वडे वाढले.

"रात्रंदिवस हॉलमध्यें येरझारा घालतात. विचारलें तर म्हणतात, वेलम्मा. कोण ही वेलम्मा?"

मी चकित झाले. "तुम्हाला गोष्ट माहीत नाही?"

"मज कोण सांगणार? घरीं हे दोन शब्द बोलतात. जेवण वाढ, आणि पंखा लाव." मग हळू आवाजात म्हणाल्या, "लग्न झालें तेव्हां तर तेवढेंहि नव्हतें. सासूबाई म्हणायच्या, बिचारा अडखळतो, त्यास बोलावूं नको. मी कधीं बोलावलें नाही. आतां वाटतें, बोलवायला हवें होतें कां?"

मी वडा तोडत राहिले. त्याच म्हणाल्या, "शेवटच्या दिवशीं समारंभास कंपनी मज दुपारीं गाडी पाठवणार आहे. मज गाडी नको. मी सकाळच्या बसनं येणार."

बसमध्ये बाहेरच्या माणसाला बंदी होती. मी मुरुगेसनला विचारलं, तो म्हणाला प्लांट हेडना विचार. प्लांट हेड म्हणाले, "मी त्या दिवशी खिडकीबाहेर बघत असेन."

शेवट मात्र सेल्वीमुळे आला. गुरुवारीही बसमध्ये गोष्टीला सुट्टी होती, तेव्हा ती कंटाळून रावांना म्हणाली, "सार, मला एक कळत नाही. त्यांच्याकडे सगळं आहे. मग दर वर्षी खाली कशाला येतात? आम्ही बघितलं नाही तर काय बिघडतं त्यांचं?"

राव तिच्याकडे बघतच राहिले. मग खिशातलं पेन काढून तळहातावर काहीतरी लिहिलं. "उद्यांपासून," एवढंच म्हणाले.

शेवटच्या सकाळी अंबुजाबाई हिरवं रेशमी लुगडं नेसून, केसांत मोगरा माळून, माझ्या शेजारी खिडकीशी बसल्या. प्लांट हेड खिडकीबाहेर बघत होते. राव अंबुजाबाईंकडे पाठ करून उभे राहिले, मग वळले, आणि पहिल्याच वाक्याला अडखळले. बस थांबून राहिली. म्हणजे चाकं चालत होती, माणसं थांबली होती. कुणी शब्द दिला नाही. त्यांनी तो स्वतःच काढला.

महोत्सवाचा दिवस. आठ अनिमिष झगझगत उतरताहेत. सगळं नगर मान वर करून उभं आहे. वेलम्माला एवढंच कळलंय की हे आठ जण आपल्या नजरेवर जगतात. महोत्सवाआधी, वर गच्चीवर असताना उन्हाची तिरीप आली आणि चुकून तिचे डोळे मिटले, तेव्हा तिच्यासमोरचा अनिमिष क्षणभर लटपटला होता. तिनं घरोघर निरोप फिरवला आहे: शंख वाजला की डोळे मिटा. एकानं मिटले तर तो दगड होईल. सगळ्यांनी मिटले तर कोण कुणाला दगड करणार?

"पण यांत एक मोठी अडचण आहे," राव म्हणाले. "आपण डोळे मिटले, कीं शेजाऱ्यानं मिटले कां नाही हें दिसत नाही. भाला उचलणें सोपें. बाजूचा उचलतो तें दिसतें तरी. हें बंड आंधळेपणीं करायचें आहे."

"शंख वाजला," राव म्हणाले. "मिटा."

"सार, सार, एक मिनिट!" मुरुगेसन ओरडला. "मी कसा मिटू? थांबा, गाडी बाजूला घेतो. मलाही मिटायचेत!"

बस चहाच्या टपरीशेजारी कडेला लागली. इंजिन बंद झालं. मुरुगेसननं स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटले. सेल्वीनं मिटले. प्लांट हेडनी खिडकीबाहेरची मान आत घेतली आणि मिटले. मीही मिटले. ट्रक शेजारून धडधडत जात होते. किती वेळ गेला कोण जाणे, मला राहवेना. बाकीच्यांनी मिटले असतील का? मी कबूल करते, मी एक डोळा किलकिला केला.

चाळीसेक माणसं डोळे घट्ट मिटून बसली होती. फक्त दोघांचे उघडे होते. राव उभे होते आणि अंबुजाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. राव हातानं खुणावत होते, मीट, मीट. आणि त्या ठामपणे मान हलवत होत्या. मी पटकन डोळा मिटून घेतला.

"उघडा," राव म्हणाले. त्यांचा आवाज भिजला होता. "नगरानं डोळे उघडले. समोर आठ जण उभे होते. पाय मिठाच्या चिखलात. माळा सुकलेल्या. त्यांतल्या एकाची पापणी लवली, आणि तो घाबरला. त्यास वाटलें, आंधळा झालों. वेलम्मा पुढे गेली. लोकांस वाटलें, आतां ही मारणार. ती म्हणाली, 'जेवलात कां?'"

मग टाळ्यांची आणि शिट्यांची अशी धमाल उडाली, की टपरीवरचा माणूस पळत बघायला आला.

"भावाचं काय?" मुरुगेसननं विचारलं. तो नाक पुसत होता.

"उतरला. अंग गार पडलेलें होतें, पण उतरला. आकाशांत त्याच्या जागीं एक काळें भोंक राहिलें. तें कोणी बुजवलें नाही."

अंबुजाबाईंना मी हळूच विचारलं, "तुम्ही डोळे का नाही मिटलेत?"

"बरी विचारतेस! इतक्या वर्षांनीं हा माणूस बोलताना बघायला मिळाला, आणि मी डोळे मिटून बसूं?"

त्या दिवशी अख्ख्या बसला लेट मार्क लागला. प्लांट हेडनाही.

दुपारच्या समारंभात राव आभाराचं भाषण करताना इतके अडखळले, की दोन वाक्यांना पाच मिनिटं लागली. बसवाले सगळे शेवटपर्यंत शांत उभे राहिले. बाकीचे घड्याळं बघत होते.

संध्याकाळी कंपनीची गाडी त्यांना घरी सोडायला निघाली आणि पाठोपाठ आमची बस. श्रीपेरुंबुदूरच्या सिग्नलला दोन्ही शेजारी उभ्या राहिल्या. सगळी बस उजवीकडच्या खिडक्यांशी गोळा झाली. कुणी हाका मारायला तोंड उघडलं, कुणी काचेवर टकटक करायला हात उचलला. आणि हात तसेच राहिले. गाडीत मागच्या सीटवर राव गाढ झोपले होते. गळ्यात झेंडूचा हार, तोंड किंचित उघडं, चष्मा दोरीसकट पोटावर. त्यांचं डोकं अंबुजाबाईंच्या खांद्यावर टेकलेलं होतं आणि त्या ताठ बसल्या होत्या, खांदा जराही न हलवता. आम्हाला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या लॉऱ्यांचे हॉर्न कर्कश वाजायला लागले. मुरुगेसनचा हात सवयीनं हॉर्नकडे गेला आणि वरच्या वर थांबला. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना गप्प राहायची खूण केली, आणि गाडी पुढे निघून जाईपर्यंत बस तिथून हलवली नाही.